वाटेवरच्या माणसाचं ताट

१

स्नोबोर्डच्या फळ्या गाडीतून कुणी उतरवायच्या यावरून भांडण जुंपलं, तेव्हा सायोला एकदम बरं वाटलं. इतक्या वर्षांनी भेटूनही काही बदललं नव्हतं.

"गाडी मी चालवली, पेट्रोल माझं. ओझी तुम्ही उचला," हिरोए म्हणाली आणि हात खिशात घालून बर्फात उभी राहिली.

"मला डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलंय," तेत्सुया गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"कधी?"

"आत्ताच. फोन आला होता."

"मग बायको उचलेल. सायो, तुला मी कॉलेजातच सांगितलं होतं, हा माणूस फक्त जेवायच्या कामाचा आहे. तू ऐकलं नाहीस."

तेत्सुया हसला आणि दोन्ही बगलांत दोन स्नोबोर्ड मारून पायऱ्या चढू लागला. सायोही हसली, पण तिचे कान त्याच्या श्वासाकडे होते. गेल्या पानगळीत तो ऑफिसच्या जिन्यात छाती धरून खाली बसला होता. ऑपरेशन झालं, निभावलं. तो आपल्या पायांनी जिना चढेपर्यंत गोडाचा कणही तोंडाला लावणार नाही, असं सायो घराजवळच्या जिझो-देवापुढे बोलून आली होती, आणि बोलल्याप्रमाणे वागली होती. देवाने तिचं ऐकलं. हातचा गेलेला माणूस परत मिळाला की त्याच्याकडे पाहायची नजरच वेगळी होते. डॉक्टरांनी सोप्या उतारांची परवानगी दिली होती म्हणून ती या सहलीला तयार झाली. मनात एकच मागणं होतं : जसा आणला तसा याला घरी न्यायचा.

दार उघडून फुसाए काकू बाहेर आल्या. पूर्वी त्यांच्या घरी हिवाळाभर पाहुणे उतरत. आता ते बंद केलं होतं, फक्त या तिघांसाठी वरची खोली झाडून ठेवली होती. कॉलेजात असताना दर हिवाळ्यात हे चौघं इथेच यायचे. चौथा योइची, काकूंचा मुलगा. अशाच एका हिवाळ्यात बाकीचे दमून खाली बसलेले असताना तो एकटाच शेवटची फेरी म्हणून वर गेला आणि हद्दीची दोरी ओलांडून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला उतरला. त्याची फळी सापडली नाही, हातमोजा सापडला नाही. तोही नाही.

"वाळलास रे," काकू तेत्सुयाला म्हणाल्या आणि त्याच्या बाहीवरचं बर्फ झटकत राहिल्या. झटकून संपलं तरी झटकत राहिल्या.

२

तेत्सुया बूट आणि फळ्या घेऊन मागच्या वाळवणीच्या खोलीत गेला. पुढच्या खोलीत शेगडीवर किटली सुसू करत होती. काकूंनी दोघींना चहा ओतला आणि स्वतःच्या पेल्यात नुसतं गरम पाणी घेतलं.

"अजून?" हिरोएने हळूच विचारलं.

"तो आल्यावर घेईन की. कुठे पळून जातोय चहा." योइची गेला त्या दिवसापासून काकूंनी चहा सोडला होता. जितक्या सहज बाई पदार्थातलं मीठ चाखते तितक्या सहज त्या हे बोलल्या. सायोला ते कळलं. हिरोएने नजर खाली वळवली.

शेगडीच्या बाजूला, कोपऱ्यात, एक काळं लाखेचं बुटकं ताट मांडलेलं होतं. भात, झाकण घातलेलं मिसोचं सूप, शिजवलेला अळकुड्यांचा रस्सा, थोडं लोणचं. घरचा माणूस वाटेवर असला की त्याच्या नावाने असं ताट वाढायचं, म्हणजे जिथे असेल तिथे त्याच्या पोटाला उपास पडत नाही. निवल्यावर घरच्या कुणी ते खाऊन टाकायचं. काकूंनी गुडघ्यावर बसून सूपाचं झाकण उचललं आणि उलटं करून दोघींना दाखवलं. आतल्या अंगाला पाण्याचे थेंब जमले होते.

"बघा. बरा आहे तो. माणूस गेला की झाकण कोरडं निघतं."

"गरम सूपावरचं झाकण ओलं होणारच," हिरोए पुटपुटली. सायोने तिच्या मांडीला चिमटा काढला.

काकूंनी ऐकलं असावं, पण राग नव्हता. "बर्फ वितळलं की लेक मला न्यायला येणार आहे," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे दोन खोल्या. जावई बोलून दाखवत नाही, पण त्याला ताटाबिटाचं आवडायचं नाही. मीही आता थकले. म्हणजे हा शेवटचा हिवाळा. म्हटलं तुम्ही एकदा येऊन जा. तुमचे आवाज त्याच्या ओळखीचे आहेत."

किटली सुसू करत राहिली. मग काकूच उठल्या, "चला, पानं घ्यायची आहेत," आणि तिघी स्वयंपाकघरात गेल्या.

पाच-सात वाट्या आणि भाताचं भांडं घेऊन सायो परत आली, तर तेत्सुया शेगडीजवळ बसून जेवत होता. कोपऱ्यातलं ताट त्याने पुढे ओढून घेतलं होतं.

"आज तर राजेशाही थाट आहे," तो तोंड भरलेलं असताना म्हणाला. "आजारी माणसाला शेगडीशेजारी स्वतंत्र पान. जेवणाआधी इतादाकिमास म्हणायला कुणी नव्हतं, एकट्यानेच म्हटलं."

सायोने भांडं तसंच खाली टेकवलं. तिच्या मागे काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काकू, त्याला ठाऊक नव्हतं," ती घाईघाईने म्हणाली. "तेत्सुया, अरे, ते ताट..."

"असू दे," काकू म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "खाऊ दे त्याला. आजवर नेहमी मी निवलेलंच खाल्लं. गरम असताना कुणी कधी खाल्लं नव्हतं."

तेत्सुयाचा चेहरा उतरला. त्याने वाटी खाली ठेवली आणि जमिनीला डोकं टेकून माफी मागितली. काकूंनी त्याला उठवलं नाही. त्या त्याच्या रिकाम्या ताटाकडे बघत होत्या.

"चांगलं झालं होतं का?" त्यांनी विचारलं.

"फार," तेत्सुया म्हणाला.

३

सकाळी सायोला जाग आली ती फावड्याच्या आवाजाने. शेजारचं अंथरूण रिकामं होतं, घडी घालून ठेवलेलं. तेत्सुयाने लग्न झाल्यापासून एकदाही अंथरुणाची घडी घातली नव्हती.

ती खाली आली. दारातून दिसत होतं, तेत्सुया पायऱ्यांवरचं बर्फ काढत होता. एका लयीत, न थांबता, बाजूला नीट भिंत रचत. घाम नाही, धाप नाही. फावडं कुठे असतं हे त्याने कुणाला विचारलं असेल? काकूंना विचारलं असेल, तिने स्वतःलाच सांगितलं.

काकू उंबऱ्याशी बसून त्याच्याकडे पाहत होत्या. हातात पेला होता. त्यातून वाफ येत होती आणि वाफेला वास होता, हिरवा, ओळखीचा. सायोने वाकून पाहिलं. चहा होता.

"काकू?"

"जीभ चव विसरलीच होती गं," काकू हसल्या. त्यांचं असं हसू सायोने योइची होता तेव्हा पाहिलं होतं. "पोरगं दारातलं बर्फ काढतंय, म्हटलं दोन घोट घेत बसावं."

सायो पुढच्या खोलीत गेली. शेगडी पेटलेली होती. कोपऱ्यात ताट नव्हतं. ते जिथे रोज मांडलं जायचं तिथली चटई उन्हाने पिवळी पडली नव्हती. तेवढा एक हिरवट चौकोन उघडा पडला होता.

आज उशिरा मांडतील, ती मनाशी म्हणाली. म्हाताऱ्या माणसाचं घड्याळ वेगळं असतं. आणि चहाचं काय, शेवटचा हिवाळा म्हणताहेत, मन मोडलं असेल, सोडलं असेल व्रत. देव काही हिशोब धरून बसत नाही.

पण व्रत मोडणाऱ्या बाईचा चेहरा तिला माहीत होता. तो असा नसतो. असा चेहरा व्रत फळलेल्या बाईचा असतो.

४

आकाश स्वच्छ होतं. लिफ्टच्या खुर्चीत सायो आणि हिरोए शेजारी शेजारी बसल्या होत्या, फळ्या एका पायाला लटकत होत्या. हिरोए तिच्या दवाखान्यातल्या गमती सांगत होती, दात काढायला आलेला मल्ल खुर्चीत कसा रडला वगैरे.

"मी म्हटलं, अहो, तुम्ही दीडशे किलोचे, मी पन्नासाची, मी तुम्हाला काय मारणार? तर म्हणतो, ताई, तुमचा आवाजच तसा आहे."

सायो हसत होती. खाली उतारावरून केशरी जाकीट सरकत गेलं. ते तिनेच विकत घेतलं होतं, धुक्यातही दिसावं म्हणून.

"तो बघ तुझा राजा," हिरोए म्हणाली. "अरे वा. आजारपणात सुधारला की. आधी पोत्यासारखा यायचा."

खरंच सुंदर चालला होता. वळण घेताना एक हात बर्फाच्या अंगावरून अलगद फिरवत होता, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. सायोला आधी अभिमान वाटला. मग काहीतरी खटकलं, आणि खुर्ची बरीच वर गेल्यावर ते काय हे तिला कळलं.

"त्याचा उजवा पाय पुढे आहे," ती म्हणाली.

फळीवर प्रत्येकाचा एक पाय पुढे असतो, आणि तो जन्माचा ठरलेला असतो. तेत्सुयाचा डावा. उजवा पुढे करून गेला की चार हातांत तोंडघशी पडायचा, आणि त्यावर त्याला सगळे हसायचे.

"मग? करतात लोक मजा म्हणून," हिरोए म्हणाली.

"त्याला जमत नाही."

"आता जमलं असेल. माणूस मरणाच्या दारातून आला की नवीन नवीन शिकावंसं वाटतं. माझी मावशी सत्तरीत सायकल शिकली."

हिरोएचं बोलणं पटण्यासारखं होतं. पण त्यानंतर तिने मल्लाची गोष्ट पुढे सांगितली नाही. त्यांच्या चौघांत उजवा पाय पुढे ठेवणारा एकच जण होता. त्याला सगळे 'उलट्या पायाचा' म्हणून चिडवत. ते नाव दोघींच्याही जिभेवर आलं असणार. खुर्ची खांबावरून जाताना खडखडली.

५

दुपारी उताराच्या पायथ्याशी जेवणघरात गर्दी होती. ओल्या लोकरीचा आणि करीचा वास कोंदला होता. तेत्सुयाने ताटली संपवली आणि तो खिडकीबाहेर, वर, दोरीच्या बाजूला पाहत बसला. त्या बाजूला आता ढग उतरत होते.

दारात ठेवलेली त्याची फळी सायोने येतानाच पाहिली होती. बूट अडकवायचे पट्टे काढून, फिरवून, उजव्या पायासाठी पुन्हा बसवले होते. स्क्रू घट्ट पिळलेले.

"पट्टे कधी फिरवलेस?" तिने विचारलं.

"फिरवले? असेच तर आहेत."

"तुझा डावा पाय पुढे असतो."

"हो का?" तो म्हणाला, जणू ती शेजाऱ्याच्या पायाबद्दल बोलत होती. मग बाहेर पाहतच म्हणाला, "पलीकडच्या अंगाला ओढा आहे. वरून दिसत नाही, त्यावर बर्फाचं छत असतं. आधी खालून आवाज येतो. वाटतं, कोणी बोलतंय. थांबून ऐकावंसं वाटतं."

हिरोएचा चमचा ताटलीवरच राहिला. "तू कधी गेला होतास पलीकडे?"

तेत्सुयाने वळून तिच्याकडे पाहिलं, झोपेतून उठवल्यासारखं. "कुठे पलीकडे?"

"ओढा म्हणालास ना आत्ता."

"कुठला ओढा?" तो हसला. त्याचं नेहमीचं हसू, डाव्या गालावर खळी पडणारं. सायोने ते हसू दोन्ही हातांनी धरून ठेवलं असतं. औषधाचा परिणाम असेल, तिला वाटलं. नवीन गोळी सुरू झालीय. डॉक्टर म्हणाले होते, कधी कधी गोंधळल्यासारखं होईल. ती एकेक कारण पुढे करत होती आणि प्रत्येक कारण बरोबर होतं, आणि तरीही एकही तिला पटत नव्हतं.

"आपण आजच घरी जाऊ," ती म्हणाली.

"बरं," तेत्सुया लगेच म्हणाला. "आईला सांगून निघू."

"कुणाच्या आईला?"

तो तिच्याकडे वळला. "काकूंना गं. काय हे."

त्याची स्वतःची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

६

निघताना तेत्सुया हातमोजे विसरलो म्हणून जेवणघरात परत गेला आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडला. सायोला केशरी जाकीट दिसलं तेव्हा ते लिफ्टच्या खुर्चीत होतं, एकटंच, वर ढगात शिरताना. चारजणांची खुर्ची होती. तो मधोमध न बसता एका कडेला सरकून बसला होता, शेजारी जागा ठेवून.

फोन वाजत राहिला, त्याने उचलला नाही. वाऱ्यामुळे लिफ्ट बंद केल्या. वरून सगळी माणसं उतरली, तो उतरला नाही. गस्तीच्या माणसांनी नाव, उंची, जाकिटाचा रंग विचारला. पायाचं विचारलं नाही, आणि सायोलाही ते सांगता आलं नाही.

"मी इथे थांबते यांच्यापाशी," हिरोए म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "तू घरी जा. तो मागच्या रस्त्याने काकूंकडे उतरला असेल तर तिथे कोणी हवं. जा तू. काही कळलं की मी फोन करते."

दोनशे पावलांचा रस्ता, पण पुढचं काही दिसत नव्हतं. आकाश आणि जमीन यांच्यातली रेघ पुसली गेली होती. सायो हाताने बर्फाची भिंत चाचपत चालली. तेत्सुयाने सकाळी रचलेली भिंत हाताला लागली तेव्हा घर आलं हे कळलं.

काकू स्वयंपाकघरात मुळा चिरत होत्या.

"काकू, तो माझा नवरा आहे," सायो दारातच म्हणाली.

सुरी थांबली. "माहीत आहे पोरी."

"मग तुम्ही चहा का घेतलात?"

काकूंनी सुरी बाजूला ठेवली, हात पुसले. पुसायला बराच वेळ घेतला. "काल त्याने जेवून वाटी ठेवली ना, ती चॉपस्टिकांच्या पलीकडे ठेवली. योइची ठेवायचा तशी. किती ओरडायचे मी त्याला त्यावरून." त्या खाली पाहून बोलत होत्या. "मी काही मागितलं नव्हतं गं. कुणाचं घेईन असं तर मनातही आलं नाही. मी आपलं रोज वाढत गेले. इतकी वर्षं कुणी जेवलं नाही, काल कुणीतरी जेवलं. आई असून मी काय करायचं होतं? ऊठ म्हणायचं होतं?"

सायोला रागवायचं होतं, पण राग येईना. इस्पितळाच्या बाकावर बसून तिने देवाजवळ तेत्सुयाला मागितलं, तेव्हा तो कुठून आणून देणार, कुणाच्या वाट्यातून, हा विचार तिने तरी कुठे केला होता?

बाहेर वाऱ्याने छपरावरचं बर्फ घसरून धप्पकन पडलं. दोघीही दाराकडे पाहायला लागल्या. कोणी नव्हतं.

"काकू, मला एक ताट द्या," सायो म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग फडताळातून एक तांबडं ताट काढून दिलं, अंडी दिली, साखरेचा डबा पुढे सरकवला. काय करायचंय हे विचारलं नाही. एका बाईने दुसरीला यात काय विचारायचं?

७

सायोने अंड्याची गोड गुंडाळी केली, तेत्सुयाला आवडते तशी, कडा किंचित लाल होईपर्यंत. भात वाढला. सूप ओतून झाकण घातलं. तांबडं ताट शेगडीच्या एका अंगाला मांडलं आणि हात जोडले. देवाचं नाव घेतलं, मग कोनोमीचं, तिच्या आणि तेत्सुयाच्या घरी वाट पाहणाऱ्या मुलीचं, म्हणजे त्याला कुठे यायचं ते कळावं.

मागे सळसळ झाली. काकू काळं ताट घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते शेगडीच्या दुसऱ्या अंगाला, त्या हिरवट चौकोनावर ठेवलं. त्यांना अडवायचा सायोला काय हक्क होता? हे त्यांचं घर, हा त्यांचा शेवटचा हिवाळा.

दोघी भिंतीला पाठ लावून बसल्या. खिडकीतला पांढरा उजेड राखाडी होत गेला. सूपाची वाफ झाकणाच्या कडेने बारीक धाग्यासारखी निघत होती.

वाळवणीच्या खोलीचं दार वाजलं.

मग बूट आपटल्याचा आवाज. एक, आणि जरा थांबून दुसरा, टाचांतलं बर्फ पाडण्यासाठी आपटतात तसा. पट्टे सुटल्याची खरखर. मोज्यांतली पावलं पडवीतून आली आणि सरकता दरवाजा बाजूला झाला.

तेत्सुया उभा होता. केसांत बर्फ, भुवयांवर बर्फ. चेहरा त्याचा होता, पण त्यावर कोणी राहत नसल्यासारखं दिसत होतं. तो सायोकडे पाहत नव्हता, काकूंकडेही नाही. तो दोन ताटांकडे पाहत होता.

सायोने तोंड उघडलं आणि मिटलं. नाव घ्यावं, आणि समोरचा त्या नावाला ओ देणारा नसला तर? शेजारी काकूंचेही ओठ हलले, आवाज आला नाही. तो मधे उभा, त्याच्या बाहीतून पाण्याचा थेंब चटईवर पडतोय, आणि दोन बायका श्वास रोखून बसलेल्या. मग त्याने उजवा पाय उचलला आणि काळ्या ताटाच्या बाजूला टाकला.

काकू पुढे झाल्या. त्यांनी काळ्या ताटातल्या सूपाचं झाकण उचलून उलटं केलं. सूपातून भसकन वाफ वर आली. झाकणाची आतली बाजू कोरडी होती. आत्ताच फडताळातून काढून पुसल्यासारखी कोरडी. काकूंनी त्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. शेगडीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि सायोला तो चेहरा बघवेना.

त्यांनी झाकण परत घातलं.

"तुझं ताट तिकडे आहे, तेत्सुया," त्या म्हणाल्या.

तो थांबला. मग हळूहळू, ओझं घेऊन वळणाऱ्या माणसासारखा वळला, तांबड्या ताटापुढे बसला आणि डाव्या हाताने वाटी उचलली. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. चावता चावता त्याच्या चेहऱ्यावर रंग येत गेला, आणि मग तो थरथर कापायला लागला, थंडीने, जिवंत माणूस कापतो तसा.

"साखर जास्त झालीय," तो म्हणाला.

सायोने त्याची ओली बाही घट्ट धरली. तिला बोलवेना. दुसऱ्या हाताने तिने हिरोएला फोन लावला. "आला," एवढंच म्हणाली.

"आला? कुठून आला? बरा आहे ना?" हिरोए पलीकडे रडत होती. "थांब, यांना सांगते. माणसं वर गेलीत, ती खाली येईपर्यंत मला इथून हलता यायचं नाही. त्याला सांग, भेटला की मी त्याला मारणार आहे."

"वर काही दिसत नव्हतं गं," तेत्सुया भात खात म्हणाला. "कुठे चाललो होतो तेच कळत नव्हतं. पण पुढे कोणीतरी होता. त्याच्या मागे मागे आलो. त्याला वाट चांगली माहीत होती."

"कोण?"

"काय माहीत. पाठच दिसली. दारापर्यंत होता."

वाळवणीच्या खोलीत बूट आपटल्याचा आवाज आला. एक. आणि जरा थांबून, दुसरा.

सायोने फोनकडे पाहिलं. हिरोए अजून लाईनवर होती, तिच्या मागे माणसांचे आवाज येत होते. घरात या तिघांखेरीज कोणी नव्हतं.

काकू उठल्या. त्यांनी वाकून काळं ताट दोन्ही हातांनी उचललं, सूप हिंदकळू नये म्हणून जपून. त्यांचं बोट ज्या झाकणावरून कोरडं आलं होतं, ते झाकण तसंच वाटीवर होतं. त्यांना काय कळलं आहे ते सायोला कळत होतं, आणि तिला ते कळलंय हे त्यांनाही कळत होतं, आणि तरी त्या निघाल्या होत्या.

"आले रे," त्या पडवीच्या दिशेने म्हणाल्या. "आले. उभा नको राहू थंडीत."

काकू, जाऊ नका, एवढंच सायोला म्हणायचं होतं. उठून त्यांचा हात धरायचा होता. पण उठायचं तर तेत्सुयाची बाही सोडायला हवी होती, आणि सायोची बोटं सुटेनात. तिने ती सोडवायचा प्रयत्न केला की नाही, हेही तिला नीट सांगता आलं नसतं.

काकूंच्या मागे दरवाजा पुरता सरकला नाही, चार बोटं फट राहिली. फटीतून गार हवा आली, तिला दगडाचा आणि पाण्याचा वास होता. पडवीतल्या पिवळ्या दिव्याखाली काकू गुडघ्यावर बसलेल्या दिसत होत्या. ताट त्यांच्यापुढे होतं. त्या मान वर करून कुणाकडे तरी पाहत होत्या, आणि चेहऱ्यावर तेच सकाळचं हसू होतं. मग फटीत एक हात दिसला. ओल्या, जुन्या निळ्या बाहीतला. बोटं सावकाश होती, खूप दिवसांत काही उचललं नसल्यासारखी. त्या बोटांनी झाकण काढून बाजूला ठेवलं आणि वाटीला विळखा घातला, ऊब घेण्यासाठी.

"हळू," काकू म्हणाल्या. "गरम आहे."

सायोने पाय लांबवून, बसल्या जागेवरून, दरवाजा सरकवून पूर्ण बंद केला.

"कोण आलं गं?" तेत्सुयाने विचारलं. त्याचे दात अजून वाजत होते.

"तू जेव," ती म्हणाली आणि त्याच्या वाटीत आणखी भात वाढला. "जेव. निवेल."